नेमो पुन्हा भेटला

नाशिक

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

गंगापूर धरणातून पाणी सोडलंय. सकाळी घाटावर गेलो तर आपली गंगा, म्हणजे गोदावरी, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागली होती. ते गढूळ पाणी बघताना तुझीच आठवण आली, कारण काल रात्री मी ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला आपला कॅप्टन नेमो पडद्यावर पाहिला. ‘२०,००० लीग्ज अंडर द सी’, डिस्नीचा १९५४चा सिनेमा, रिचर्ड फ्लायशरचं दिग्दर्शन. इतकी वर्षं मुद्दाम टाळला होता. भा. रा. भागवतांच्या अनुवादातून आपण जे डोळ्यांपुढे उभं केलं होतं, ते कुणी मोडू नये म्हणून. वाचनालयातली ती प्रत आठवते? मधला फर्मा सुटलेला. तू मोठ्यानं वाचायचास आणि मी सुटी पानं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून गुडघ्याखाली दाबून बसायचो.

बंड्या, काही मोडलं नाही रे.

व्हर्नच्या पुस्तकातली नेमोची पाणबुडी नॉटिलस ७० मीटर लांब, दोन्ही टोकांना निमुळती, चिरुटासारखी गुळगुळीत. सिनेमात तिच्या पाठीवर करवतीसारखे दाते आहेत आणि पुढे दोन जळते डोळे. आधी खटकलं. मग आठवलं, पुस्तकाच्या सुरुवातीला सगळे तिला समुद्रातलं जनावरच समजतात! तीच दहशत बघणाऱ्याला वाटायची तर ते डोळे हवेतच. अंधारातून ते जहाजावर चालून आले तेव्हा मी ताठ बसलो.

आणि त्या राक्षसी माकुळाशी, म्हणजे स्क्विडशी, झुंज! ती आधी शांत समुद्रावर, मावळतीच्या उजेडात घेतली होती म्हणे. त्याला हलवणाऱ्या तारा दिसायच्या, राक्षस खोटा वाटायचा. मग ते सगळं टाकून रात्रीच्या वादळात नव्यानं चित्रण केलं. खर्च भरमसाट वाढला, पण पै न् पै वसूल आहे. नेमो विळख्यात सापडतो आणि त्याचाच कैदी नेड लँड त्याला सोडवतो. पुस्तकात या झुंजीनंतर रक्तानं माखलेला नेमो आपला माणूस गिळणाऱ्या समुद्राकडे बघत उभा राहतो, डोळ्यांतून टपोरे अश्रू. तिथे तुझा आवाज बसला होता. सिनेमात नेमो झालेला जेम्स मेसन असा रडत नाही. पण प्रेम आणि द्वेषाबद्दल बोलताना त्याचा आवाज इतका खाली जातो की मला तेच पान आठवलं.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटलं. पुस्तकातला सिलोनजवळचा तो मोती काढणारा गरीब पाणबुड्या सिनेमात नाहीच. नेमो त्याला शार्कच्या तोंडून वाचवतो, मोत्यांची थैली देतो आणि सांगतो की तो पिचलेल्या देशाचा आहे आणि मीही शेवटच्या श्वासापर्यंत त्याच देशाचा. पुढे व्हर्नच्याच ‘मिस्टिरियस आयलंड’ कादंबरीत नेमो बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७च्या उठावात लढलेला, हे कळलं तेव्हा आपण दोघं किती वेळ गप्प बसलो होतो! सिनेमातल्या नेमोला तो देश नाही. त्याच्या बायको-मुलाचं दुःख आहे, त्यानं छळ सोसलेला तुरुंग आहे, संताप तोच आहे. म्हणून मी सिनेमाला माफ केलं. तू करशील की नाही, सांगता येत नाही.

पाणी ओसरलं की दोन दिवस काढून ये. पुन्हा लावू. तो अनुवाद तुझ्याकडे असेल तर पिशवीत टाक. सिनेमा संपला की पाणबुड्याचं प्रकरण तू वाच, मी ऐकतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दादू