कोलोचावाहून परत कधी?

पाटण, जि. सातारा

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

नाताळच्या सुट्टीत मैत्रिणीच्या आजीकडे युक्रेनमधल्या कोलोचावा या गावाला जाणार असल्याचे तू सांगितलेस आणि मी लगेच "परत कधी?" असे विचारले, त्यावरून तू फोन ठेवलास. चूक माझीच होती. रात्री झोप येईना, म्हणून शाळेतला जुना नकाशासंग्रह काढला. त्यात कोलोचावा नाही, पण तिसा नदी आहे आणि तिला उत्तरेकडून येऊन मिळणारी तेरेब्ल्या केसाएवढ्या रेघेने दाखवली आहे. ती रेघ बोटाने कार्पेथियन डोंगरात वर नेली की तुझे ते गाव येते.

मग त्या खोऱ्याविषयी मिळेल ते वाचत बसलो. गावाच्या खालच्या अंगाला याच तेरेब्ल्येचे पाणी अडवले आहे, आणि मधला डोंगर पोखरून ते पलीकडच्या रिका नदीच्या खोऱ्यात सुमारे २०० मीटर खाली उतरवून १९५६ पासून तिथे वीज तयार करतात. हे वाचून मी तुझ्या आईला झोपेतून उठवले. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला नेले, ते तरी याहून वेगळे काय आहे? आजी असती तर तिने आधी एवढेच विचारले असते, की तिथे कुणाचे माहेर बुडाले.

गाव मात्र जागचे हलले नाही, राज्येच बदलत गेली. १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरी, त्यानंतर चेकोस्लोव्हाकिया; मार्च १९३९ मध्ये खुस्त शहरात 'कार्पाथो-युक्रेन' या नावाने त्या प्रांताचे स्वातंत्र्य जाहीर झाले न झाले तोच हंगेरीचे सैन्य आले; १९४५ मध्ये सोव्हिएत संघ आणि १९९१ पासून युक्रेन. त्या आजीच्या आईने उंबरठा न ओलांडता किती देशांत संसार केला असेल, ते तूच मोज. मिकोला शुहाय हा सैन्यातून पळालेला बंडखोर याच गावचा. १९२१ मध्ये इनामाच्या लोभाने त्याच्याच सोबत्यांनी त्याला मारले. आपले उमाजी नाईकही फितुरीनेच सापडले होते. १९४४ च्या उन्हाळ्यापर्यंत त्या प्रांतातील ज्यू कुटुंबांना आगगाड्यांत कोंबून नाझींच्या आउश्वित्झ छावणीत नेले गेले. कोलोचावात त्यांची दफनभूमी तेवढी उरली आहे. तिकडे गेलीस तर हळू बोल आणि दगडांवर पाय देऊ नकोस. झाली पुन्हा मास्तरकी सुरू. क्षमा कर.

१७९५ सालचे लाकडी चर्च मात्र नीट पाहा. कोपऱ्यावर ओंडके एकमेकांत कसे अडकवले आहेत, त्याचे छायाचित्र पाठव. आपल्या माळ्याचे लाकूडकाम करताना तू आजोबांना खाचा धरून देत असायचीस. बर्फ पडला असेल तर रस्ता सोडून चालू नकोस, आणि अंधार पडण्यापूर्वी परत... हे मी लिहिणार नव्हतो.

त्या गावात म्हणे पोटासाठी परदेशी जाणाऱ्यांचे स्मारकही आहे. ते वाचल्यावर मी पुस्तक मिटले. २०२२ साली युद्ध सुरू झाल्यावर चोप या सीमेवरच्या गावाहून सीमा ओलांडून हंगेरीत पोहोचल्याचा तुझा निरोप येईपर्यंत आईने समई विझू दिली नव्हती, आणि पुन्हा तिकडे निघालीस त्या दिवशी मी कऱ्हाड स्टेशनवर आलो नाही. शिकण्यासाठी तू युक्रेनलाच परत गेलीस, हे मी बाजारात भेटेल त्याला सांगत असतो. तुला सांगायचे तेवढे राहून गेले.

पॉवर बँक पूर्ण भरून ने. वीज गेली तर फोन लागणार नाही हे मला कळते, आईला कळत नाही, असे आपण म्हणू. मेतकुटाची पुडी संपली असेल तर सांग.

परतीची तारीख आता विचारत नाही. कॅलेंडरवर ५ जानेवारीला पेन्सिलीने खूण केली आहे. चुकली असेल तर कळव, खोडता येईल.

तुझे,
बाबा