परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र: दुसऱ्यांच्या लढाईत आमची पोरं

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

जून २०२२ मध्ये स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हात आपण युरोपला सुनावलंत, की युरोपचे प्रश्न तेवढे जगाचे आणि जगाचे प्रश्न मात्र युरोपचे नव्हेत, ही मनोवृत्ती सोडा. ती क्लिप आमच्याकडे गावोगावच्या ग्रुपवर फिरली. बोलणं खरंच होतं. पण युरोपातला तो प्रश्न, म्हणजे रशिया-युक्रेन युद्ध, आता आमच्या भरतीच्या मैदानापर्यंत येऊन ठेपलाय, म्हणून हे पत्र.

मी लातूर जिल्ह्यात सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करून घेतो. पहाटे पोरं सोळाशे मीटर मारतात, मग गोळाफेक, दुपारी लेखीचा अभ्यास. वयाची मर्यादा उलटली की अग्निवीरचं दार बंद. पोलीस भरती निघेल तेव्हा निघते. तोवर पोरगा घरी बसून, बाप सोयाबीनच्या भावाकडे डोळे लावून. नेमक्या अशा वेळी मोबाइलवर जाहिरात येते: रशियात हेल्पर पाहिजेत, राहणं-जेवण फुकट, पगार लाखाच्या वर, पुढे तिथलंच कायम वास्तव्य. एका विद्यार्थ्याने ती मला दाखवली आणि विचारलं, "सर, हेल्परला बंदूक देतात का?"

देतात. सीबीआयने मार्च २०२४ मध्ये मुंबईसह सात शहरांत छापे टाकले तेव्हा ही साखळी उघड झाली. आधी एजंटने लाखांनी पैसे घ्यायचे, मॉस्कोत रशियन भाषेतल्या करारावर सही घ्यायची, जुजबी प्रशिक्षण द्यायचं आणि थेट आघाडीवर धाडायचं. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच खात्याने आकडे दिले: १२६ भारतीय रशियन सैन्यात गेल्याचं कळलं, ९६ परतले, १२ मेले, १६ बेपत्ता.

परत आलेल्यांचं श्रेय सरकारला द्यायलाच हवं. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांनी पुतिन यांच्यापुढे विषय काढला, त्यानंतर बहुतेक जण सुटले. पुढच्याच महिन्यात रशियन दूतावासाने सांगितलं, की एप्रिलपासून भारतीयांची भरती बंद आहे. मग सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या खात्याला नव्या भरतीबद्दल पुन्हा इशारा का द्यावा लागला? शब्द पाळला गेला नाही, असंच ना?

महासत्तांची ही जुनी रीत आहे. लाओसच्या डोंगरांत १९६०च्या दशकात अमेरिकेच्या सीआयएने तिथल्या हमोंग या डोंगरी जमातीची फौज उभी केली. लढायचं होतं उत्तर व्हिएतनामशी, पण अमेरिकी सैनिक तिथे कागदावर नव्हतेच. तरणी माणसं संपत गेली तशी तेरा-चौदा वर्षांची पोरं रांगेत उभी राहिली. लढाई हरल्यावर मे १९७५ मध्ये लाँग चेंग या तळाच्या धावपट्टीवरून सेनापती व्हांग पाव आणि थोडे लोक विमानाने थायलंडला गेले. मागे उरलेले मेकाँग नदीकडे चालत निघाले. त्यातले कित्येक पोचलेच नाहीत. त्याच वर्षी क्यूबाने सोव्हिएत शस्त्रं घेऊन आफ्रिकेतल्या अंगोलात फौज उतरवली. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच क्यूबाला जाहीर करावं लागलं, की आपल्या तरुणांना रशियाच्या युद्धात नेणारी टोळी सापडली आहे. उत्तर कोरियाने तर २०२४ मध्ये सरळ पलटणीच पाठवल्या.

युक्रेनचे लोक स्वतःच्या घरासाठी लढताहेत. त्यांना कुणाचं प्यादं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन स्वतःच म्हणाले होते, की रशिया कमकुवत झालेला पाहायचा आहे. म्हणजे मोठ्यांचा हिशेब वेगळा चालू आहे, आणि त्यात आपण दोन्हीकडून ओढले जातो. रशियाचं स्वस्त तेल घेतलं, फायदा झाला. त्यापायी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने २५ टक्के जादा आयातशुल्क लादलं. भारतात बनलेले तोफगोळे युरोपमार्गे युक्रेनला पोचल्याची बातमी रॉयटर्सने दिली, ती आपल्या खात्याने खोडसाळ ठरवली. ठरवा. पण रशियाच्या खंदकात आपली पोरं होती, हे तर आपणच संसदेत मान्य केलंत. सप्टेंबर २०२२ मध्ये उझबेकिस्तानातल्या समरकंदमध्ये आपले पंतप्रधान पुतिन यांना म्हणाले होते, की आजचं युग युद्धाचं नाही. आपली माणसं एका बाजूच्या गणवेशात मरत असतील तर आपल्या तटस्थतेला रशिया आणि अमेरिका यांपैकी कोण किती किंमत देईल?

आता मागणी. कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी, म्हणजे इमिग्रेशन क्लिअरन्स, लागणाऱ्या देशांच्या यादीत १८ देश आहेत, रशिया नाही. शिवाय ती अट दहावी न झालेल्यांनाच. माझी सगळी पोरं बारावी पास, म्हणजे विमानतळावर त्यांना कुणी अडवणार नाही. रशियाला निघालेल्या कामगाराचा करार आणि मालक तपासल्याशिवाय त्याला सोडू नये, असा नियम करा. नेपाळने जानेवारी २०२४ मध्ये रशिया आणि युक्रेन दोन्हींसाठी कामाचे परवाने थांबवले. नेपाळला जमतं ते आपल्याला का जमू नये?

डिसेंबर २०२५ मध्ये पुतिन दिल्लीत आले तेव्हा कामगार पाठवण्याचा करार झाला. त्यानुसार जाणारा कुठलाही भारतीय सैन्याच्या कुठल्याही कामावर, अगदी स्वयंपाकघरातही, घेतला जाणार नाही आणि घेतला तर ठरावीक दिवसांत परत पाठवला जाईल, असं कलम त्याला जोडून घ्या. तोंडी आश्वासनाचं काय होतं ते दिसलंच आहे.

इशारे ट्विटरवर इंग्रजीत देऊन आमच्यापर्यंत पोचत नाहीत. भरती मेळाव्याच्या मंडपात, एसटी स्टँडवर, पासपोर्ट सेवा केंद्रात ते मराठीत लावा. फसवणाऱ्या एजंटची तक्रार करायची तर तालुक्याच्या पोलीस ठाण्यात हा विषय कुणाला ठाऊक नसतो. जिल्ह्याला एक अधिकारी नेमा, त्याचा नंबर छापा.

आणि जे बेपत्ता आहेत, त्यांच्या घरच्यांना दर महिन्याला लेखी काहीतरी कळवा. शोध लागला नसेल तर तेही कळवा, पण कागदावर आणि सहीनिशी.

कळावे,
आपला,
एक भरती प्रशिक्षक, जि. लातूर