तिथीची पाऊणपट

दांडिया बाजार, बडोदे
पौष वद्य षष्ठी

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी ते गुहागर सायकलने झालं, एका दिवसात! कॉलेजात असताना कमाटीबागेत बसून आपण नकाशावर रेघा ओढायचो, त्यातली एक तुझ्याविना पुरी केली. रागावलास तर तुझा हक्कच आहे, पण आधी सगळं ऐक.

पहाटे निघालो. आरे-वारेच्या चढावर पोचलो तेव्हा मागे उजाडत होतं आणि समोर समुद्रावर तृतीयेचा चंद्र अजून होता. खाली दोन किनारे, मध्ये टेकडीचं नाक, सुरूच्या झाडांपलीकडे फेसाची रेघ. सायकल कठड्याला टेकवून कितीतरी वेळ नुसता उभा राहिलो. आपले पाय बडोद्याच्या सपाटीवर घडलेले. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे पाण्याशेजारून सरळ, असं वाटायचं ना आपल्याला? तसं मुळीच नाही. खाडी आली की उतरायचं, आणि ओलांडली की लगेच जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, चढायचं. दिवसभर तेच.

गणपतीपुळ्याला बाहेरूनच हात जोडले. मालगुंडला मात्र केशवसुतांच्या स्मारकात थांबलो. १८६६ सालचा जन्म, १९०५ साली गेले. चाळिशीसुद्धा पाहिली नाही. शिकायला काही काळ ते आपल्या बडोद्यात होते, हे त्या कौलारू घरापाशी आठवलं आणि फार जवळचं वाटलं.

जयगडहून फेरीबोटीत सायकल चढवली. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या आजोबांनी विचारलं, "हेदवीची घळ बघणार काय? मग तिथीची पाऊणपट कर. आज तृतीया, सव्वादोनाला भरती पूर्ण." एवढंच! चंद्र रोज साधारण पाऊण तास मागे पडतो आणि भरती त्याच्याबरोबर. पहाटे मी ज्याच्याकडे बघत उभा होतो, तो माझ्या दुपारची वेळ ठरवत होता.

तवसाळला उतरलो आणि जीव खाऊन पायडल मारले. दोन वाजता हेदवीला, उमामहेश्वराच्या देवळामागे. काळ्या खडकात चिंचोळी भेग, तीच बामणघळ. लाट आत शिरते, क्षणभर काहीच नाही. मग दगडाच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज येतो, पायांखालचा खडक हलल्यासारखा वाटतो आणि पाणी सरळ वर उडतं. माझा चष्मा खारट झाला. कावी-कंबोईला स्तंभेश्वराची पिंड भरतीत बुडताना आपण पाहिली होती, आठवतं? तिथे खंबायतच्या आखाताचं गढूळ पाणी गुपचूप चढत येतं. इथे तोच चंद्र, तीच ओढ, पण दगडाशी झुंज. तू हवा होतास रे.

पुढे वेळणेश्वरच्या उतारावर मागच्या ब्रेकचं रबर संपलं. उरलेले उतार हातात सायकल धरून चालत उतरलो, म्हणून गुहागरला पोचेपर्यंत सूर्य बुडाला होता. सुरूंच्या बनात वाळूवर आडवा झालो, हात थरथरत होते.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू सायकल विकायचं म्हणत होतास. विकू नकोस, अनंता. पुढचा टप्पा धोपाव्याहून दाभोळ, तिथेही फेरीबोट आहे. चढ आले की दोघं चालू, मला घाई नाही. वहिनींना नमस्कार सांग.

कोणत्या तिथीला येतोस ते कळव. पाऊणपट मी करून ठेवतो.

तुझाच,
विजू