न भेटलेल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही. माझ्या सासूबाईंनाही तुम्ही कधी पाहिलेलं नाही. तुमच्याकडे आली ती फक्त त्यांची पित्ताची पिशवी, फॉर्मॅलिनच्या डबीत, वर चिकटपट्टीवर नाव आणि वय लिहून. मिरजेतल्या तुमच्या लॅबमध्ये अशा डब्या रोज येत असणार. सर्जनकडे पेढे घेऊन सगळेच जातात, आम्हीही गेलो. रिपोर्टखाली सही करणाऱ्या डॉक्टरांकडे मात्र कुणी जात नाही, म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

आमच्या भागात खड्यांचं ऑपरेशन झालं की नातेवाइकांच्या हातात एक छोटी बाटली ठेवतात. आत खडे. मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती बाटली हलवून दाखवायची, ‘बघा, एवढे निघाले!’ पिशवीचं पुढे काय झालं, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. माझ्या मावशीच्या वेळी एका दवाखान्यात पिशवी तपासायला दिलीच नव्हती. खड्यांची बाटली मात्र घरी आली होती, अजून कपाटात असेल. पुढे तिला कावीळ झाली तेव्हा रोग यकृताच्या मुख्य नळीपर्यंत पोचला होता आणि ऑपरेशनचा मार्ग बंद झाला होता. पित्ताशयाच्या कर्करोगात कावीळ दिसली म्हणजे बहुधा उशीर झालेला असतो, हे तेव्हा कळलं.

आईंचे (सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो) सर्जन त्या बाबतीत कडक. प्रत्येक पिशवी तपासायला जाणार, पेशंटने नको म्हटलं तरी. साध्या खड्यांसाठी काढलेल्या पिशवीत कर्करोग सापडण्याचं प्रमाण बहुतेक अभ्यासांत शंभरामागे एकाच्या आसपास किंवा त्याहून कमीच आहे. एवढ्याशा शक्यतेसाठी खर्च कशाला, असं आमचे हे म्हणालेच. त्यात रिपोर्ट ठरल्या दिवशी मिळेना. काउंटरवरचा मुलगा दर वेळी एकच सांगायचा, ‘मॅडमनी अजून सोडला नाही.’

का सोडला नाही, ते नंतर सर्जननी सांगितलं. नेहमीच्या पद्धतीने घेतलेल्या तुकड्यांत तुम्हाला आतल्या अस्तराच्या पेशी बिघडलेल्या दिसल्या होत्या, पण कर्करोग म्हणावा असं काही नव्हतं. ‘हाय ग्रेड डिस्प्लेसिया’, म्हणजे कर्करोगाच्या अलीकडची पायरी, एवढं लिहून रिपोर्ट देता आला असता, कुणी बोट ठेवलं नसतं. तुम्ही डबी पुन्हा उघडलीत. उरलेली सगळी भिंत कापून नवे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) बनवलेत, नव्या स्लाइड पाहिल्यात, आणि त्यातल्या दोन तुकड्यांत कर्करोग सापडला. मग कागद जाईपर्यंत वाट न पाहता तुम्ही सर्जनना फोन केलात.

मी बी.फार्म. आहे, औषधांचं दुकान चालवते. रिपोर्ट वाचायची थोडी सवय आहे, तरी तुमचा रिपोर्ट मी कितीदा वाचला याला गणती नाही. नुसतं ‘ॲडेनोकार्सिनोमा’ हे कर्करोगाच्या प्रकाराचं नाव लिहून तुम्ही थांबला नव्हतात. रोग स्नायूच्या थरापलीकडे गेलाय, पण भिंतीबाहेर नाही, म्हणजे टी 2 (टी म्हणजे रोग किती खोल गेला त्याचं माप). यकृताला चिकटलेल्या बाजूला आहे, म्हणजे टी 2बी. सिस्टिक डक्टची, म्हणजे पिशवीला मुख्य पित्तनलिकेशी जोडणाऱ्या नळीची, कापलेली कड रोगापासून मोकळी आहे. पिशवीच्या मानेजवळची एक छोटी गाठ (लसिकाग्रंथी) सोबत आली होती, तीही तपासली, स्वच्छ आहे. मज्जातंतूंभोवती शिरकाव आहे, रक्तवाहिन्यांत नाही. प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत.

यातली एकेक ओळ पेशंटच्या आयुष्याची किती वर्षं ठरवते, ते मला पुढे समजत गेलं. पित्ताशयाची भिंत मुळातच पातळ. आतड्याला असतो तसा सबम्युकोसाचा, म्हणजे अस्तराखालचा, थर तिला नाही, आणि यकृताच्या बाजूला बाहेरचं आवरणही नाही. रोग अस्तरापुरता, म्हणजे टी 1ए असेल, तर पिशवी काढली की काम झालं, जवळजवळ सगळे पेशंट बरे होतात. स्नायूपर्यंत पोचला की हिशेब बदलतो. त्यापलीकडे गेला तर नुसती पिशवी काढून भागत नाही, यकृताचा लगतचा भाग आणि भोवतालच्या लसिकाग्रंथी काढाव्या लागतात. टी 2 मध्येही बाजू महत्त्वाची. 2015 मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पोटाच्या पोकळीकडच्या बाजूला रोग असणारे साधारण 65 टक्के लोक पाच वर्षांनंतर हयात होते, यकृताच्या बाजूला असणारे 43 टक्के. त्यानंतर स्टेजिंगच्या, म्हणजे रोगाची पायरी ठरवण्याच्या नियमांच्या, आठव्या आवृत्तीत टी 2 चे ए आणि बी असे दोन भाग पडले. रिपोर्टात बाजू लिहिलीच नसती, तर आईंचा हिशेब कुठल्या आकड्यावर मांडायचा? डक्टची कड मोकळी नसती तर पित्तनलिकाही कापावी लागली असती. ती एक ओळ वाचून पुढच्या सर्जननी मान डोलावली, ते मला आजही दिसतं.

आणखी एक कागद कामाला आला, आमच्या सर्जनच्या ऑपरेशन नोट्स. ‘पिशवी न फाटता, बॅगमध्ये घालून बाहेर काढली’ असं त्यांनी त्यात लिहिलं होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पिशवी फाटून पित्त पोटात सांडलं तर त्याबरोबर रोगाच्या पेशीही सांडतात, आणि मग तो पोटाच्या आवरणावर, कधी छिद्राच्या जागी उगवतो. त्या वेळी कर्करोगाचा संशयसुद्धा नव्हता, तरी त्यांनी बॅग वापरली. त्यांचे आभार वेगळे मानले आहेत, तरी इथे नोंद हवीच.

मग महालक्ष्मी एक्सप्रेसने दादर, गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं टाटा. तिथे पहिल्यांदा मागितले ते ब्लॉक आणि स्लाइड. तुमच्या लॅबने ते पिवळ्या प्लॅस्टिकच्या खोक्यात, प्रत्येकावर नंबर घालून दिले होते. अंगठ्याच्या पेराएवढे मेणाचे ठोकळे, त्यांत भुरकट ठिपका. सासऱ्यांनी ते खोकं प्रवासभर मांडीवर ठेवलं, बॅगेत ठेवू दिलं नाही. तिथल्या तपासणीत तुमचं निदान जसंच्या तसं कायम राहिलं.

दुसरं ऑपरेशन कधी करायचं यालाही अर्थ असतो. अमेरिकेतल्या दहा संस्थांच्या एकत्रित नोंदींत पहिल्या ऑपरेशननंतर चार ते आठ आठवड्यांत दुसरं झालेल्यांचं सगळ्यांत बरं निघालं. फार घाई केली तर लपलेला रोग अजून दिसायचा असतो, उशीर केला तर तो हाताबाहेर जातो. तुम्ही रिपोर्टला थोडे दिवस जास्त घेतलेत आणि फोन करून ते भरून काढलेत. आई वेळेत टेबलवर गेल्या. आधी दुर्बिणीतून पोट तपासलं, कुठे पसरलेलं नाही असं बघूनच मोठा छेद घेतला. यकृताच्या तुकड्यात काही उरलं नव्हतं. आठ लसिकागाठी काढल्या, निदान सहा तरी तपासायला हव्यात असा संकेत आहे. त्यातल्या एकीत रोग निघाला. तो दिवस वाईट गेला. रोग एक ते तीन गाठींत असला तर एन 1, चारपासून पुढे एन 2, एवढं मला माहीत होतं. पण गाठ एक असो की तीन, ती निघाली की आकडे खाली येतात, हेही माहीत होतं.

पुढे सहा महिने कॅपेसिटाबाइनच्या, म्हणजे केमोथेरपीच्या, गोळ्या. दोन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा सुट्टी, असे आठ फेरे. ब्रिटनमधल्या 447 पेशंटच्या ज्या चाचणीमुळे ही पद्धत रुळली, तिचा निकाल 2019 मध्ये आला: गोळ्या घेणाऱ्यांतले निम्मे लोक 51 महिन्यांहून जास्त जगले, न घेणाऱ्यांतले निम्मे 36 महिन्यांहून. (आकडेशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर तो फरक थोडक्यात हुकला होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.) या गोळ्या मी वर्षानुवर्षं काउंटरवरून दिल्या होत्या, घरात पहिल्यांदाच पाहिल्या. आईंच्या तळव्यांची सालं निघाली, बोटं गुळगुळीत झाली. रेशनच्या दुकानातलं मशीन त्यांचा अंगठा घेईना. दुकानदार म्हणे, ‘आजी, हात धुऊन या.’ आई घरी येऊन म्हणाल्या, ‘सरकारदरबारी मी आता कुणीच नाही, तांदूळ तुझ्या नावावर आण.’ त्या आजारपणात घर खदखदून हसलं असेल तर त्या दिवशी.

आता गोळ्या संपून बराच काळ लोटला. ठरलेल्या तारखांना सोनोग्राफी, सीटी, सीए 19-9 (रोगाचा माग ठेवणारी रक्ततपासणी) चालू असतं. मागचे सगळे रिपोर्ट स्वच्छ आहेत. पुढचं कुणीच सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. अंगठाही परत आलाय. आई सकाळी पायरीवर बसून शेवग्याच्या शेंगा निवडतात आणि समोरच्या नळावरची भांडणं मिटवतात, म्हणजे बहुतेकदा वाढवतात.

दुकानात खड्यांच्या ऑपरेशननंतरची औषधं न्यायला कुणी आलं की मी चिठ्ठी हातात घ्यायच्या आधी विचारते, ‘पिशवी तपासायला दिली का?’ निम्मे लोक खिशातून खड्यांची बाटली काढून दाखवतात. त्यांना मी परत दवाखान्यात पिटाळते, पिशवी टाकून द्यायच्या आधी पोचा म्हणते. त्यातल्या काहींना तुमच्या लॅबचा पत्ताही दिलाय. हातात डबी घेऊन, ‘मेडिकलवाल्या ताईंनी पाठवलंय’ म्हणत कुणी काउंटरवर उभं राहिलं, तर तुमच्या मुलाला सांगून ठेवा, त्याला वैतागू नको म्हणावं.

आपली कृतज्ञ,
एक औषध दुकानदार सून