सुपीक थोरियम

चेंबूर, मुंबई

प्रिय दिनकर यास,
सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे, गोळ्या चालू आहेत. पत्राला उशीर झाला त्याचा राग धरू नकोस. आजचा विषय तुझ्याखेरीज कुणापाशी काढावा असा नाही, कारण उमेदीची वर्षे ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात काढून आता शेतात राबणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही.

मी भाषा तपासत असलेल्या विज्ञानाच्या पुस्तकात अनुवादिकेने इंग्रजी 'फर्टाइल'साठी 'सुपीक थोरियम' असे लिहिले आणि बैठकीत हशा पिकला. अणू फुटून ऊर्जा देणाऱ्या इंधनासाठीच्या 'विखंडनक्षम' या शब्दाच्या जोडीला शोभतो म्हणून 'जननक्षम' सुचवला गेला आणि सगळ्यांनी तो उचलून धरला. जोडी जुळते हे मलाही मान्य आहे, परंतु 'जननक्षम' म्हटले की मुलांना दवाखानाच आठवणार. थोरियम-२३२ हे आपणहून इंधन नव्हे. न्यूट्रॉन पोटात घेतल्यावर ते आधी प्रोटॅक्टिनियम होते आणि मग युरेनियम-२३३ देते, ज्यावर कल्पाक्कमची कामिनी अणुभट्टी १९९६ साली सुरू झाली. पेरले तर देते ती जमीन सुपीक. मग थोरियमला तो शब्द का नाकारावा?

'समृद्ध युरेनियम'वरून आपण भांडलो होतो, तू चहा टाकून उठलास आणि विश्वासने तोही पिऊन टाकला, ते आठवते ना? माझे मत अजून तेच आहे. निसर्गात जेमतेम ०.७ टक्के असलेले युरेनियम-२३५ तारापूरसारख्या अणुभट्टीसाठी काही टक्क्यांवर नेतात, ते युरेनियम-२३८चा भाग वेगळा काढून. तिथे पिकत काहीच नाही, ही नुसती निवड आहे. पण तो शब्द आता रुळला, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती शेतीच्या धड्यातल्या 'जमीन समृद्ध करा' या वाक्याबद्दल. 'कस' आणि 'बेवड', म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण, हे शब्द असताना हे कशाला? हरभऱ्याचे रोप उपटून, मुळावरची गाठ नखाने फोडून आतला गुलाबी रंग तू मला दाखवलास आणि या बेवडावर पुढचे पीक का चांगले येते ते सांगितलेस. ते सारे 'समृद्ध'मध्ये कुठे येते?

वहिनींचा गुडघा कसा आहे? विहिरीचे काम झाले का? धाकटीच्या नोकरीचे कळव.

शनिवारी पुन्हा बैठक आहे. 'सुपीक'बद्दल तुझे मत, विरोधात असले तरी, चार ओळींत लिहून पाठव. तुझ्या नावानिशी मी ते वाचून दाखवीन.

तुझा,
वसंत