अण्णा, पाकीट आत ठेवायला लावलंत म्हणून

अण्णांस सप्रेम नमस्कार,

मोबाईलवर तुम्ही नातवंडांचे फोटो सोडून काही बघत नाही, ठाऊक आहे मला. तरी उघडच लिहितोय. नातू वाचून दाखवेल.

१९५७ च्या लोटस सेव्हनसारखी छोटी, उघडी स्पोर्ट्स गाडी होटगी रोडच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधायची, हे खूळ माझं. चॅसिस झाली, मारुती एस्टीमचं १३०० सीसीचं इंजिन मिळालं. जुन्या बाजारात एकानं त्याच गाडीचा गिअरबॉक्स पुढ्यात टाकला, ‘बोल्टला बोल्ट बसतो’ म्हणाला. मी इसार द्यायला पाकीट काढलं. शेजारी बेअरिंगं चाळत होतात तुम्ही. ओळख ना पाळख, म्हणालात, “पाकीट ठेव की आत. ह्याच्या पोटातच डिफरन्शियल हाय. तुझी गाडी मागच्या चाकांवर पळणार, शाफ्ट कुठं लावतोस?” एस्टीम पळते पुढच्या चाकांवर, म्हणून दोन चाकांना ओढ वाटून देणारं डिफरन्शियल तिच्या गिअरबॉक्समध्येच असतं.

ओम्नीचा घेऊ का, तर तो ८०० सीसीच्या जिवाचा. मग तुम्हीच जिप्सीचा काढलात. इंजिन एकाच घराण्यातलं, पाच गिअर, आणि तिची ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणारा डबा, वेगळी लटकते. मधला आखूड शाफ्ट काढला की गिअरबॉक्समधून शाफ्ट सरळ मागच्या अ‍ॅक्सलला नेता येतो.

पण माझ्या डोक्यात बसलाय तो तुमचा खडू. जिप्सीचा मागचा अ‍ॅक्सल घोडीवर, फ्लॅंजवर, म्हणजे शाफ्ट जोडतात त्या चकतीवर, एक रेघ, टायरवर एक. एक चाक गुडघ्यानं अडवून दुसरं फिरवायला लावलंत मला, तेही दोन फेरे. “एक अडवलं की दुसरं दुप्पट पळतं बग.” फ्लॅंजचे फेरे भरले चारला थोडे कमी. ३.९. म्हणजे दोन्ही चाकं बरोबर पळताना चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.९. मग कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब: चौथा गिअर सरळ एकास एक, माझा १८५/६० आर १४ टायर, ३००० आरपीएमला ताशी जवळपास ८४ किलोमीटर. जिप्सीच्या मोठ्या टायरवर हेच ९७ च्या घरात गेलं असतं. बुटक्या टायरनं ओढ वाढते, पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, म्हणजे पाचवा शोभेचा नाही, लागणारच. आधी टायर, मग अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स शेवटी. मी नेमका उलटा निघालो होतो.

गिअरचा लिव्हर मात्र डॅशबोर्डखाली निघाला. त्यावर तुम्ही नुसतं हसलात आणि दुसऱ्या दिवशी लोखंडी पट्टीची जोडणी करून आणलीत. पैसे विचारले तर चहा सांगितलात.

गाडी अजून आवारातच फिरते, दुसऱ्या गिअरच्या वर जायला जागा नाही. फ्लॅंजवरची रेघ पुसलेली नाही. रविवारी या, क्लच जरा वर सुटतोय.

तुमचा,
शेडवाला