हरणांच्या चाऱ्याची जागा आखराजवळ नको

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात, चिमूर तालुक्यातील एका गावाच्या टोकाला माझे घर आहे आणि घरामागे सात एकर वावर आहे. हरणांनी पिके खाऊ नयेत म्हणून गावालगतच्या ई-क्लास, म्हणजे गायरान जमिनीवर त्यांच्यासाठी दीड-दोन एकरांत चारा लावावा, असा विचार आमच्याकडे सध्या जोर धरून आहे. त्यासाठी सुचवलेली जागा आखराला, म्हणजे गावची ढोरे जमतात त्या मोकळ्या जागेला लागून, शाळेच्या मागच्या अंगाला आहे. तेथे हातपंप जवळ आहे, बैलबंडी जाते, राखणीला माणूस ठेवणे सोपे आहे, आणि संध्याकाळी चितळांचा कळप गावातूनच दिसला तर चार पर्यटकही थांबतील, असे तिचे गुण सांगितले जातात. चारा लावण्याला माझा विरोध नाही. विरोध या जागेला आहे, आणि त्याची कारणे आपल्या दैनिकातून मांडावीत, कारण बफरमधल्या इतर गावांतही हाच विचार याच पद्धतीने होत असणार, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

आधी माझीच चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी घरामागच्या अर्ध्या एकरात, विहिरीच्या ओलितावर, मी नोव्हेंबरात बरसीम हा हिरवा चारा पेरला होता. जनावराला घराजवळ हिरवे खायला मिळाले तर पलीकडची तूर आणि हरभरा सुटेल, असा माझा हिशेब होता. बरसीम वीतभर झाला आणि पंधरवड्याच्या आत चितळे आली. सकाळी जाऊन पाहावे तर शेंडे तुटलेले असत, पण विळ्याने कापल्यासारखे नव्हे, ओरबाडल्यासारखे. चितळाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते चारा कापत नाही, खालच्या दातात धरून ओढते. सशाने खाल्लेला शेंडा तिरपा आणि साफ तुटतो, हा फरक एकदा डोळ्यांना कळला की रात्री कोण येऊन गेले हे विचारावे लागत नाही. तेच ओरबाडलेले शेंडे मला त्याच आठवड्यात हरभऱ्यातही दिसले. बरसीम संपला म्हणून ती तिकडे गेली नव्हती. बरसीम अर्धा शिल्लक होता. रानातून माझ्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत, त्यांना यायला लागले होते एवढेच, आणि आल्यावर बरसीम कुठे संपतो व हरभरा कुठे सुरू होतो याच्याशी त्यांना काही देणेघेणे नव्हते.

जानेवारीत शेजाऱ्याच्या विहिरीत एक मादी पडली. त्या विहिरीला कठडा नाही, आमच्या भागात निम्म्या विहिरींना नसतो. खाटेला दोर बांधून ती खाली सोडली, दोघे जण उतरले आणि तासाभराने तिला वर काढले, पण मागचे दोन्ही पाय गेले होते. दुपारपर्यंत ती मेली. त्यानंतर चारच दिवसांनी पाइपाच्या गळतीने झालेल्या चिखलात वाघाचा पंजा उमटलेला दिसला. तेथून आमच्या स्वयंपाकघराचे दार मी पावलांनी मोजले, ती चाळीस भरली. त्या दिवशी मी ओलित बंद केले. बरसीम वाळला, तरी होळीपर्यंत चितळांचा कळप रात्री त्या तुकड्यात येऊन उभा राहायचा, आणि आमच्याकडे दिवेलागणीनंतर घरामागे कोणी एकटे जात नसे.

म्हणून आखराजवळच्या जागेचे नाव ऐकले तेव्हा मला प्रथम ते चाळीस पाऊल आठवले. शाळेच्या मागची भिंत त्या जागेपासून तेवढीही दूर नाही.

या कल्पनेचे मूळ कोठे आहे, हेही सांगायला हवे. आमच्याकडील तरुण मोबाईलवर अमेरिकेतील चित्रफिती पाहतात. तेथे लोक घराजवळच्या जमिनीवर क्लोव्हर, सलगम असे काही पेरतात आणि हरीण त्या तुकड्यात यावे म्हणून जागा फार बारकाईने निवडतात. वारा कोणत्या बाजूने येतो, माणूस कोणत्या वाटेने जाईल म्हणजे जनावर बिथरणार नाही, आडोसा कुठे आहे, हे सगळे ते पाहतात. परंतु तेथे हंगामात परवान्याने शिकार करता येते आणि हरीण माणसाच्या टप्प्यात आणणे हाच बहुतेकांचा त्यामागचा हेतू असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो प्रश्नच उरलेला नाही. आपल्याला हरीण जवळ आणायचे नसून पिकांपासून आणि घरांपासून लांब थांबवायचे आहे. शिवाय आमच्या चितळामागे वाघ असतो. त्यांची एक गोष्ट मात्र मला पटली. नांगर घालण्याआधी ती माणसे जनावर दिवसा कोठे बसते, पाणी कोठे पिते आणि कोणत्या वाटेने येते, हे महिना-दोन महिने नुसते पाहतात. आमच्याकडे जागा आधी ठरली आहे आणि पाहणे अजून झालेले नाही.

पाहायला गेले तर पहिली अडचण 'हरीण' या शब्दापासूनच सुरू होते. गावात चितळ, सांबर, भेडकी (भेकर) आणि रोही (नीलगाय) या सगळ्यांना मिळून आपण हरणेच म्हणतो, त्यातला रोही तर हरणाच्या कुळातलाच नव्हे. चितळाला आखूड, कोवळे गवत आणि चहूकडे नजर जाईल अशी मोकळी जागा लागते, आणि बिथरल्यावर शिरायला जवळ झाडी लागते. सांबर बहुतेक रात्रीच बाहेर पडते व झाडपाल्यावर जास्त राहते. रोही झुडपी रानात आणि वावरांतच वावरतो. वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ अभयारण्यात ज्याला राखले आहे त्या काळविटाला तर उघडा माळच हवा. आमच्या गावात नुकसान करतात ते मुख्यतः चितळ, रोही आणि रानडुक्कर. रानडुकरावर चाऱ्याचा तुकडा हा उपायच नाही, ते मुळापासून उकरते. तेव्हा आपण ज्याच्यासाठी जागा शोधत आहोत ते जनावर प्रत्यक्षात चितळ आहे, असे धरूनच पुढचे बोलावे.

आमच्या गावाची ठेवण अशी आहे की पूर्वेला घरे, मग आखर, मग वावरांची पट्टी, तिच्यापुढे नाला आणि नाल्यापलीकडे राखीव जंगल. आखराजवळ चारा लावला तर जंगलातून निघालेल्या चितळाला तेथे पोहोचण्यासाठी सगळी वावरे ओलांडावी लागतील. सोयाबीन, तूर, हरभरा यांतून वाट काढीत ते चाऱ्यापर्यंत येईल आणि त्याच वाटेने परत जाईल, आणि या वाटेवरच बिनकठड्याच्या विहिरी आहेत. पीक वाचवण्यासाठी लावलेला चारा पिकाच्या अलीकडे असावा, ही चूक नकाशावर बोट ठेवले तरी दिसते. चारा नाल्यापलीकडेच हवा, वावरांच्या शेवटच्या धुऱ्यापासून निदान एक किलोमीटर आत. तेथे एक जुनी बोडी, म्हणजे लहान तळे आहे, तिच्यात फेब्रुवारीपर्यंत पाणी असते. चितळाला उन्हाळ्यात रोज पाणी लागते, म्हणून बोडीतील गाळ काढून ते मेपर्यंत टिकवता आले तर चारा आणि पाणी एका ठिकाणी होईल आणि पाण्यासाठी गावाकडे येण्याचे त्याला कारण उरणार नाही. ताडोबात जामणी आणि नवेगाव ही गावे उठून गेल्यावर त्यांच्या जुन्या वावरांची जी कुरणे झाली, तेथे चितळांचे कळप दिवसाढवळ्या चरताना दिसतात. त्या कुरणांच्या आसपास उभे पीक नाही आणि रात्री झोपलेले गाव नाही, हे त्यांच्या यशातले अर्धे कारण आहे.

बोडीजवळची जागाही डोळे मिटून घेता येणार नाही. तिच्या दक्षिण अंगाला मोहाची दहा-बारा झाडे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या बाया पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचायला तेथे जातात, वाकून वेचतात, आणि तीच फुले खायला चितळेही त्याच वेळी येतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याची वाट तिकडूनच जाते. वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या याच दोन हंगामांत का वाढतात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. म्हणून तुकडा बोडीच्या उत्तरेला, मोहापासून आणि तेंदूच्या वाटेपासून दूर घ्यावा. त्याच्या कडेची घाणेरीची जाळी काढावी, कारण ती राहिली तर चितळाला समोरचे दिसत नाही आणि वाघाला लपायला आयती जागा होते. मोठी झाडे मात्र एकही तोडू नये.

जमिनीचा प्रश्न कागदावरही आहे. ई-क्लासची जमीन गावच्या ढोरांच्या चराईची आहे. ती हरणांना दिली की ढोरे जंगलात जातील, आणि जंगलात गेलेल्या ढोराचे काय होते ते प्रत्येक गुराख्याला ठाऊक आहे. सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेल्या जागेलाही हात लावू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरातील आदेशाच्या आधारे ही जमीन वनजमीनच असल्याचे २२ मे २०२५ च्या निकालात स्पष्ट केले आहे, त्यामुळे तेथे ट्रॅक्टर घालण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. नाल्यापलीकडची जागा तर सरळ वनविभागाच्या ताब्यातली आहे, तेव्हा काम त्यांच्या कुरण विकासाच्या आराखड्यातूनच व्हायला हवे. गावाने जागा सुचवावी, वाटा दाखवाव्यात आणि मजुरी मिळवावी.

काय लावावे याबद्दल थोडेच लिहितो. बरसीम, ज्वारी, मका यांतले काहीही नको. कोवळ्या ज्वारीला पाण्याचा ताण पडला की ती ढोरांना विषारी ठरते हे आपण जाणतोच, शिवाय पिकाची चव लावून पीक वाचत नाही. मारवेल, पवन्या आणि शेडा ही आपल्या रानातलीच गवते मृगाचा पाऊस पडल्यावर ठोंब लावून वाढवता येतात. बोडीच्या उत्तरेची जमीन बरडी, म्हणजे हलकी मुरमाड आहे, तेथे ती चांगली धरतात. कन्हारात, म्हणजे भारी काळ्या जमिनीत, पावसाळाभर पायच निघत नाही. खरा त्रास तरोट्याचा (टाकळ्याचा) आहे. ऑगस्टअखेर तो फुलावर येतो, त्याआधी मुळासकट उपटला नाही तर दोन वर्षांत कुरणाच्या जागी तरोट्याचे रान उभे राहते, आणि त्याला चितळ तोंड लावत नाही. या उपटणीची मजुरी दरवर्षी लागणार आहे. ती अंदाजपत्रकात नसेल तर गवत लावूच नये, असे माझे मत आहे.

एवढे करूनही पिके पूर्ण सुटतील असे मी म्हणणार नाही. जुलैत जंगल गच्च हिरवे असतानाही चितळे सोयाबीनचे कोंब खायला येतातच, कारण ते कोंब गवतापेक्षा कोवळे आणि चवदार असतात. कुरणाचा उपयोग होईल तो फेब्रुवारी ते मे या महिन्यांत, जंगल वाळलेले असताना. बाकीच्या महिन्यांत जागल (रात्रीची राखण) आणि कुंपण यांना पर्याय नाही. २०१५ पासून सुरू असलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बफरमधल्या गावांना सौरकुंपण मिळते, त्यासाठी गावाने एकत्र अर्ज करावा. धुऱ्यावर थेट विजेची तार सोडण्याचे प्रकार आमच्याही भागात होतात, त्यात वाघ मरतो तसा रात्री पाणी द्यायला गेलेला शेतकरीही मरतो. आणखी एक गोष्ट, जी कोणाच्या बोलण्यात येत नाही, ती म्हणजे कुरणाकडे आमची ढोरे वळू लागली तर लाळ्या-खुरकूत त्यांच्याकडून चितळांत जायला वेळ लागणार नाही. गावातील सगळ्या ढोरांचे लसीकरण कुरणाच्या आधी व्हावे.

ग्रामसभा जागेवर शिक्का मारील त्याआधी वनरक्षक, सरपंच आणि वावरे नाल्याला लागून आहेत असे आम्ही पाच-सहा जण, अशा सगळ्यांनी दोन्ही जागा पायी पाहाव्यात. एकदा पहाटे आणि एकदा संध्याकाळी पाचनंतर जावे, आणि धुऱ्यांवरच्या चितळांच्या वाटा चुन्याने आखून घ्याव्यात. त्या वाटांवर माझ्या मोजणीप्रमाणे कठडा नसलेल्या सात विहिरी आहेत. कुरणाचा निर्णय लागायचा तेव्हा लागो, त्या सात विहिरींचे कठडे या उन्हाळ्यातच बांधावेत अशी माझी विनंती आहे. पहिल्या विहिरीसाठी लागणारी रेती मी माझ्या बंडीने आणून देईन.

आपला,
एक शेतकरी
ता. चिमूर, जि. चंद्रपूर